विल हॅव की विल हॅव बीन? फ्युचर परफेक्टच्या दोन काळांतून नेमका एक कसा निवडायचा

इंग्रजीच्या बारा काळांचा तक्ता आपल्याकडे बहुतेक पोरांना तोंडपाठ असतो. लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या अभ्यासिकांत कुणालाही विचारा, सूत्र सांगतील: विल हॅव अधिक तिसरं रूप म्हणजे फ्युचर परफेक्ट, विल हॅव बीन अधिक आयएनजी म्हणजे फ्युचर परफेक्ट कंटिन्युअस. पण पेपरात चार पर्याय समोर आले, किंवा स्वतःचं एक वाक्य करायची वेळ आली, की तक्त्यातले हे शेवटचे दोन काळ एकमेकांत मिसळतात. सूत्र येतं, निवड येत नाही. हा लेख त्या निवडीसाठी आहे. भरतीची तयारी करणारे, बारावीचा पेपर देणारे, मराठी माध्यमातून शिकून पहिल्यांदा इंग्रजीत मुलाखतीला बसणारे, अशा सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत, म्हणजे ती मोठ्यानं वाचता येतील. वाचाच. हे काळ वहीपेक्षा कानानं लवकर बसतात.

पहिली पायरी: भविष्यातली वेळ ठरवा

दोन्ही काळांना भविष्यातली एक ठरलेली वेळ लागते. दिवाळी, येत्या रविवारची संध्याकाळ, गाडी परभणीला पोचेल तो क्षण, 2030 साल, काहीही चालेल. बोलणारा मनानं त्या वेळेपाशी जाऊन उभा राहतो आणि मागे वळून पाहतो. तोवर काय उरकलेलं असेल, किंवा काय किती वेळ चालू असेल, ते सांगतो.

अशी वेळ वाक्यात नसेल, आधीच्या वाक्यातूनही कळत नसेल, तर हे दोन्ही काळ बाजूला ठेवा. ‘मी उद्या लातूरला जाईन’ यात मागे वळून पाहणं नाही. ‘आय विल गो टू लातूर टुमारो’, विषय संपला. ‘उद्या दुपारपर्यंत मी लातूरला पोचलेलो असेन’ म्हटलं की दुपार ही वेळ आली: ‘बाय टुमारो आफ्टरनून, आय विल हॅव रीच्ड लातूर.’

रचनेबद्दल दोनच गोष्टी. ‘विल’नंतर कर्ता कुणीही असो, ‘हॅव’च येतं. ‘ही विल हॅज गॉन’ हे चूक, ‘ही विल हॅव गॉन’ बरोबर. ‘ही’ दिसला की हात आपोआप ‘हॅज’कडे जातो, तिथं स्वतःला थांबवा. दुसरं, जुन्या पुस्तकांत आय आणि वुईसोबत ‘शॅल’ दिलेलं असतं. ते चूक नाही, पण आता सगळीकडे ‘विल’ चालतं.

दुसरी पायरी: काम उरकलं, की वेळ मोजायचा?

हाच खरा प्रश्न आहे. बाकीच्या पायऱ्या याला आधार देण्यासाठी आहेत.

सोयाबीन काढणीचं उदाहरण घेऊ. जूनमध्ये पेरलेलं सोयाबीन दसऱ्याच्या आसपास काढायला येतं, पावसाची टांगती तलवार असते आणि घरातला प्रत्येक माणूस रानात असतो. त्या दिवसांत दोन वेगळ्या गोष्टी सांगाव्या लागतात.

‘बाय संडे, वुई विल हॅव हार्वेस्टेड द सोयाबीन.’ रविवारपर्यंत काढणी झालेली असेल. व्यापाऱ्याला किंवा मळणी यंत्रवाल्याला हेच ऐकायचं असतं. काम संपलेलं असेल, सोमवारी या.

‘बाय संडे, वुई विल हॅव बीन हार्वेस्टिंग द सोयाबीन फॉर फाइव्ह डेज.’ रविवारी काढणीला पाच दिवस झालेले असतील. हे वाक्य काढणी संपली की नाही याबद्दल काहीच बोलत नाही. राहिलीही असेल. बोलणाऱ्याला पाच दिवसांचे कष्ट सांगायचे आहेत.

मळणी यंत्रवाल्याला दुसरं वाक्य सांगितलं तर तो विचारेल, ‘मग उरकलं का नाही?’ पुण्यात नोकरीला असलेला भाऊ फोनवर म्हणाला, ‘रविवारी येतो, फिरायला जाऊ,’ तर त्याला दुसरं वाक्यच सांगावं लागेल. पाच दिवस सतत राबून कंबर मोडलेली असेल, फिरणं कसलं! वाक्य कुणाला आणि कशासाठी सांगतो आहोत यावर काळ ठरतो, तो असा.

याच प्रश्नाचं दुसरं रूप परीक्षेत फार उपयोगी पडतं. वाक्यात किती नग सांगितलेत की किती वेळ? नग असतील तर तिसरं रूप, वेळ असेल तर बहुतेकदा आयएनजी.

‘बाय टेन ओक्लॉक, शी विल हॅव सॉल्व्ड एटी सम्स.’ ऐंशी गणितं, म्हणजे नग.

‘बाय टेन ओक्लॉक, शी विल हॅव बीन सॉल्विंग सम्स फॉर फोर अवर्स.’ चार तास, म्हणजे वेळ.

‘शी विल हॅव बीन सॉल्विंग एटी सम्स’ हे इंग्रजी कानाला खटकतं. ऐंशी म्हटलं की हिशेब पुरा झाला, मग चालू कसं? किलोमीटर, पानं, पोती, रुपये, फॉर्म, असा कोणताही आकडा मोजून झालेल्या कामाचा असेल तर आयएनजी टाळा.

एक सवलत मात्र आहे. ‘लिव्ह’, ‘वर्क’, ‘टीच’, ‘स्टडी’ अशा लांब चालणाऱ्या क्रियापदांना वेळ सांगताना दोन्ही रूपं चालतात. ‘आय विल हॅव वर्क्ड हिअर फॉर टेन इयर्स’ आणि ‘आय विल हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स’, दोन्ही बरोबर. पर्यायांत दोन्ही दिसली तर परीक्षेत सहसा आयएनजीचं रूप अपेक्षित असतं.

तिसरी पायरी: हे क्रियापद आयएनजी घेतं का?

वेळ दिली म्हणून लगेच आयएनजी लावू नका. काही क्रियापदं काम दाखवत नाहीत, स्थिती दाखवतात: असणं, माहीत असणं, ओळखणं, मालकी असणं, विश्वास असणं, आवडणं. इंग्रजीत बी, नो, ओन, बिलाँग, बिलीव्ह, लाइक, आणि मालकीच्या अर्थाचं हॅव. यांना या काळात आयएनजी लागत नाही. कितीही वर्षं सांगायची असली तरी तिसरंच रूप.

इथं मराठी बोलणारा हमखास घसरतो, कारण आपण सहज म्हणतो, ‘मी त्याला वीस वर्षांपासून ओळखत असेन.’ ‘ओळखत’ ऐकलं की ‘नोइंग’ सुचतं. पण ‘आय विल हॅव बीन नोइंग हिम’ होत नाही. ‘बाय नेक्स्ट इयर, आय विल हॅव नोन हिम फॉर ट्वेन्टी इयर्स’ असंच म्हणायचं.

आपल्याच इतिहासातली तारीख घ्या. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. 2048 साली त्याला शंभर वर्षं होतील. इंग्रजीत: ‘ऑन सेव्हन्टीन्थ सप्टेंबर 2048, मराठवाडा विल हॅव बीन फ्री फ्रॉम द निझाम्स रूल फॉर अ हंड्रेड इयर्स.’ इथं ‘बीन’ आहे, शंभर वर्षंही आहेत, तरी हा चालू काळ नाही. ‘बीन’ हे इथं ‘बी’चं तिसरं रूप आहे आणि पुढे ‘फ्री’ हे विशेषण आलंय. वाक्यात ‘बीन’ दिसलं म्हणून फ्युचर परफेक्ट कंटिन्युअसवर खूण करणारे पुष्कळ असतात. तुम्ही ‘बीन’च्या पुढचा शब्द पाहा. तिथं आयएनजी नसेल तर काळ चालू नाही.

काही क्रियापदांत पूर्ण होण्याचाच अर्थ असतो, तीही इथं तिसऱ्या रूपातच शोभतात. संभाजीनगरचं विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 ला सुरू झालं. ‘इन ऑगस्ट 2058, द युनिव्हर्सिटी विल हॅव कम्प्लीटेड अ हंड्रेड इयर्स.’ किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झाला. ‘इन सप्टेंबर 2043, फिफ्टी इयर्स विल हॅव पास्ड सिन्स द किल्लारी अर्थक्वेक.’ इथं वर्षं हाच कर्ता आहे आणि ती सरून गेलेली असतील, म्हणून ‘पास्ड’.

चौथी पायरी: कर्मणी वाक्याशी गल्लत नको

‘बीन’चा तिसरा वापर कर्मणी प्रयोगात होतो. तोही तितकाच फसवा आहे.

‘बाय नेक्स्ट जून, द रोड विल हॅव बीन रिपेअर्ड.’ पुढच्या जूनपर्यंत रस्ता दुरुस्त केला गेलेला असेल.

‘बाय नेक्स्ट जून, दे विल हॅव बीन रिपेअरिंग द रोड फॉर टू इयर्स.’ पुढच्या जूनमध्ये त्यांना रस्ता दुरुस्त करत दोन वर्षं झालेली असतील.

अर्थात जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्यात रस्ता तयार, दुसऱ्यात खडी अजून कडेलाच. निवड करताना कर्त्याच्या जागी कोण बसलंय ते पाहा. रस्ता स्वतः दुरुस्ती करत नाही, त्याच्यावर दुरुस्ती होते, म्हणून ‘रिपेअर्ड’. ‘दे’ म्हणजे माणसं, ती काम करतात, म्हणून ‘रिपेअरिंग’ शक्य आहे. फॉर्म, निकाल, पूल, धरण, पाणी असा निर्जीव कर्ता दिसला की क्षणभर थांबा. तो काम करतोय की त्याच्यावर काम होतंय? ‘रिझल्ट विल हॅव बीन डिक्लेअर्ड’, ‘फॉर्म्स विल हॅव बीन सबमिटेड’. पण ‘इट विल हॅव बीन रेनिंग फॉर थ्री डेज’, कारण पाऊस पडण्याचं काम चालू आहे.

पाचवी पायरी: खुणेचे शब्द, आणि ते कुठं फसवतात

क्लासमध्ये शिकवतात की ‘बाय’ दिसलं की फ्युचर परफेक्ट, ‘फॉर’ दिसलं की कंटिन्युअस. सुरुवातीला हे कामाला येतं, पण त्यावरच विसंबलात तर मार्क जातील. एकेक शब्द नीट पाहू.

‘बाय’ आणि ‘टिल’ या दोघांसाठी मराठीत आपण एकच ‘पर्यंत’ वापरतो. ‘पाचपर्यंत येतो’ आणि ‘पाचपर्यंत थांबतो’, दोन्हीकडे ‘पर्यंत’. इंग्रजीत मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘पाचपर्यंत येतो’ म्हणजे पाच वाजायच्या आत कधीतरी एकदा येण्याची क्रिया होईल. तिथं ‘बाय फाइव्ह’. ‘पाचपर्यंत थांबतो’ म्हणजे थांबणं पाच वाजेतोवर सलग चालेल. तिथं ‘टिल फाइव्ह’, आणि काळ साधा: ‘आय विल वेट टिल फाइव्ह.’ मराठी वाक्यातला ‘पर्यंत’ कोणता, हे आधी ओळखा. क्रिया आत कधीतरी उरकणार असेल तर ‘बाय’, आणि ‘पर्यंत’चा अर्थ ‘बाय’ असेल तरच फ्युचर परफेक्टचा विचार.

‘बाय’ असूनही साधा भविष्यकाळ चालतो, हेही लक्षात असू द्या. ‘आय विल सेंड द डॉक्युमेंट्स बाय फ्रायडे’ हे वचन दिलंय, शुक्रवारपर्यंत पाठवतो म्हणून. ‘आय विल हॅव सेंट द डॉक्युमेंट्स बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार उजाडेल तेव्हा ती गेलेली असतील. ‘आय विल बी होम बाय सिक्स’ हेही बिनचूक आहे.

‘बाय द टाइम’च्या पुढच्या तुकड्यात ‘विल’ येत नाही. ही चूक सगळ्यात जास्त दिसते. ‘बाय द टाइम द ट्रेन विल रीच परभणी’ असं लिहायचं नाही. ‘बाय द टाइम द ट्रेन रीचेस परभणी, वुई विल हॅव फिनिश्ड अवर टिफिन.’ अर्थ भविष्याचा, रूप साध्या वर्तमानाचं. ‘व्हेन’ आणि ‘बिफोर’लाही हाच नियम. आणि ‘बाय द टाइम’च्या पुढे भूतकाळ दिसला, म्हणजे ‘रीच्ड’, तर उत्तर ‘विल हॅव’ नसतंच. तिथं ‘हॅड’ शोधा.

‘फॉर’ची खोच वेगळी आहे. ‘आय विल स्टे इन पुणे फॉर टू मंथ्स’ यात ‘फॉर’ आहे, पण हे दोन महिने पुढचे आहेत, अजून सुरूही झालेले नाहीत. म्हणून काळ साधा. ‘बाय मार्च, आय विल हॅव बीन स्टेइंग इन पुणे फॉर टू मंथ्स’ यात मार्चपाशी उभं राहून मागचे दोन महिने मोजलेत. ‘फॉर’ मागे मोजतोय की पुढे, तेवढं पाहा.

‘सिन्स’नंतर सुरुवातीची वेळ येते, सिन्स मंडे, सिन्स 2019. यात विशेष अडचण नाही.

सहावी पायरी: एकाच क्षणाला भविष्याचे चारही काळ लावून पाहा

वडील संध्याकाळी रानातून घरी येणार आहेत. दारात पाऊल टाकतील तेव्हा स्वयंपाकघरात काय दिसेल?

‘व्हेन फादर कम्स होम, आय विल कुक.’ ते आल्यावर मी चूल पेटवीन. तोवर काही नाही.

‘व्हेन फादर कम्स होम, आय विल बी कुकिंग.’ ते येतील तेव्हा तव्यावर भाकरी असेल, हात पिठाचे असतील.

‘व्हेन फादर कम्स होम, आय विल हॅव कुक्ड.’ भाकऱ्या टोपल्यात, वरण तयार, ताट वाढायचं तेवढं बाकी.

‘व्हेन फादर कम्स होम, आय विल हॅव बीन कुकिंग फॉर टू अवर्स.’ दोन तास चुलीपाशी गेलेले असतील. डोळ्यांत धूर, कपाळावर घाम. भाकऱ्या झाल्या की नाही ते या वाक्यात नाही.

हे चार प्रकार तुमच्या रोजच्या कामावर करून पाहा: अभ्यास, पाणी भरणं, गाडी धुणं, दुकान लावणं. प्रत्येक वाक्यानंतर डोळ्यांसमोर काय दिसतं ते मराठीत सांगा. चित्र वेगळं दिसू लागलं की निवड आपोआप जमते. माझ्या मते दहा पानं रिकाम्या जागा भरण्यापेक्षा हा सराव जास्त कामाचा आहे.

चौथ्या वाक्यातला घाम आणि धूर महत्त्वाचा आहे. फ्युचर परफेक्ट कंटिन्युअस कारण सांगायला फार चांगला. पुढे जी अवस्था असेल, ती कशामुळे, ते तो सांगतो. बीडकडच्या ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांवर जातात. त्यांच्याविषयी लिहायचं तर: ‘दे विल बी एक्झॉस्टेड बाय नून, बिकॉज दे विल हॅव बीन कटिंग केन सिन्स डॉन.’ दुपारचा थकवा आणि पहाटेपासूनचा कोयता, दोन्ही एका वाक्यात आले. त्याच लोकांविषयी दुसरी गोष्ट सांगायची तर काळ बदलतो: ‘बाय द टाइम दे रिटर्न, देअर चिल्ड्रन विल हॅव मिस्ड मंथ्स ऑफ स्कूल.’ शाळेचे महिने बुडाले ते बुडाले, ते नुकसान होऊन गेलेलं असेल. म्हणून ‘मिस्ड’.

अंदाजाचा ‘विल हॅव’

‘ती आत्तापर्यंत जालन्याला पोचली असेल.’ यात भविष्य नाही, अंदाज आहे. मराठीत ‘असेल’नं जसा अंदाज सांगता येतो, तसाच इंग्रजीत ‘विल हॅव’नं: ‘शी विल हॅव रीच्ड जालना बाय नाऊ.’ उताऱ्यात असं वाक्य आलं तर पुढच्या काळातलं समजून गोंधळू नका.

नकार आणि प्रश्न सोपे आहेत. ‘नॉट’ हा ‘विल’नंतर लगेच येतो: ‘आय विल नॉट हॅव फिनिश्ड.’ प्रश्नात ‘विल’ कर्त्याच्या आधी येतो: ‘विल यू हॅव फिनिश्ड बाय मंडे?’ ‘ऑलरेडी’ हा शब्द ‘विल’ आणि ‘हॅव’च्या मध्ये बसवा.

मुलाखतीत

पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता, हा प्रश्न येतोच. इथं सगळी वाक्यं ‘विल हॅव बीन’नं सुरू करू नका, बोलणं अवघडल्यासारखं वाटतं. जे मिळवलेलं असेल ते फ्युचर परफेक्टमध्ये सांगा, जे चालू असेल ते चालू भविष्यकाळात: ‘इन फाइव्ह इयर्स, आय विल हॅव कम्प्लीटेड माय पोस्ट ग्रॅज्युएशन, अँड आय विल बी वर्किंग इन द सेम फील्ड.’ एवढं पुरे आहे. फ्युचर परफेक्ट कंटिन्युअस बोलण्यात तसाही कमी येतो. ‘बाय जून, आय विल हॅव बीन टीचिंग फॉर टेन इयर्स’ हे जिभेवर बसत नसेल तर ‘इन जून, इट विल बी टेन इयर्स सिन्स आय स्टार्टेड टीचिंग’ म्हणा. ‘जूनमध्ये शिकवायला लागून दहा वर्षं होतील’ याच्या ते जवळचं आहे आणि इंग्रजी म्हणूनही अस्सल आहे. पेपरात मात्र पर्याय असतील त्यातूनच निवडावं लागतं.

आता तुम्ही निवडा

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, मग उत्तर वाचा.

मार्चपर्यंत आम्ही या घरात राहून सहा वर्षं झालेली असतील. ‘बाय मार्च, वुई विल हॅव बीन लिव्हिंग इन धिस हाउस फॉर सिक्स इयर्स.’ वेळ मोजला आहे. ‘विल हॅव लिव्ह्ड’ही चालेल.

मार्चपर्यंत आमच्याकडे हे घर येऊन सहा वर्षं झालेली असतील. ‘बाय मार्च, वुई विल हॅव ओन्ड धिस हाउस फॉर सिक्स इयर्स.’ मालकी ही स्थिती आहे, ‘ओनिंग’ नको.

तू स्टँडवर पोचशील तोवर एसटी सुटलेली असेल. ‘बाय द टाइम यू रीच द बस स्टँड, द बस विल हॅव लेफ्ट.’ ‘यू विल रीच’ लिहिलं असेल तर पाचवी पायरी पुन्हा वाचा.

संध्याकाळपर्यंत तिनं चाळीस फॉर्म भरलेले असतील. ‘बाय ईव्हनिंग, शी विल हॅव फिल्ड फॉर्टी फॉर्म्स.’ नग मोजले.

संध्याकाळपर्यंत सगळे फॉर्म भरले गेलेले असतील. ‘बाय ईव्हनिंग, ऑल द फॉर्म्स विल हॅव बीन फिल्ड.’ फॉर्म स्वतःला भरत नाहीत.

मी रात्री आठपर्यंत अभ्यासिकेत थांबेन. ‘आय विल स्टे इन द स्टडी रूम टिल एट.’ इथं ‘टिल’ आहे, मागे वळून पाहणं नाही, त्यामुळे दोन्ही परफेक्ट काळ बाद.